बावीस फूट ट्रक, पावणेएकवीस फूट गॅरेज

मी मिनीव्हॅन आणायला गेलो होतो, हे मी आजही शपथेवर सांगायला तयार आहे.

पद्मजानं कागदावर लिहूनसुद्धा दिलं होतं : सरकते दरवाजे, सात सीट, फिका रंग. फिका अशासाठी, की आम्ही राहतो ॲरिझोनातल्या चँडलर गावात, आणि जूनमध्ये इथं गडद गाडीच्या बॉनेटवर पापड भाजून निघतो. साल होतं २००५. त्या शनिवारी पद्मजाची हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ड्यूटी होती, म्हणून मी एकटा गेलो. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर मला एकट्याला खरेदीला पाठवू नये हे तिला कळायला हवं होतं. त्यामुळं पुढं जे घडलं त्यातला थोडा दोष तिच्याकडंही जातो, असं मी तिला एकदा म्हणालो. पुन्हा म्हणालो नाही.

पण माझीही बाजू ऐकून घ्या. मी चिप बनवण्याच्या कारखान्यात कामाला आहे. केसाच्या हजाराव्या भागाएवढ्या रेघा मोजायच्या, हे माझं काम. दिवसभर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा घालून अशा गोष्टी मोजायच्या, ज्या दिसतच नाहीत. आणि संध्याकाळी त्या सूक्ष्म जगातून बाहेर पडून एका छोट्या, चेपलेल्या सेडानमधून घरी यायचं. त्या सेडानच्या आरशात मी ह्या देशातल्या ट्रकांची वाढ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. २००१ साली मी इथं आलो तेव्हा सिग्नलला मागच्या पिकअपवाल्याचा चेहरा आरशात दिसायचा. कधी तो हसायचा, कधी मी. २००३ साली चेहरा वर गेला आणि आरशात इंजिनाची चकचकीत जाळी आली. २००५ साली जाळीही वर गेली, राहिला तो फक्त बंपर. दर वर्षी नवीन मॉडेल आलं की मी सीटमध्ये दोन इंच खचायचो. माणसानं किती खचायचं यालाही काही मर्यादा आहे.

शोरूममध्ये मी विक्रेत्याला व्हॅनचा कागद दाखवला. तो हॅटवाला माणूस होता. त्यानं कागद वाचला, नीट घडी करून मला परत दिला, आणि म्हणाला, "व्हॅन मागच्या अंगणात आहेत. तोपर्यंत ऊन नको म्हणून इथं बसा." आणि त्यानं दार उघडलं ते एका निळ्या, चार दारांच्या, डिझेलवर चालणाऱ्या हेवी ड्यूटी पिकअपचं.

मी पायरीवर पाय दिला, वरची मूठ धरली, आणि चढलो. बसलो असं म्हणणार नाही, आरूढ झालो. तिथून मला शोरूममधल्या सगळ्या गाड्यांची टपं दिसली. एका गाडीच्या टपावर कॉफीचा कप दिसला. मी तसं सांगितल्यावर आतून एक बाई धावत आली. तो कप ती सकाळपासून शोधत होती. तिनं माझ्याकडं मान वर करून बघितलं आणि आभार मानले. ॲरिझोनात माझ्याकडं कुणी मान वर करून बघण्याची ती पहिलीच वेळ. चांगले विक्रेते अशा वेळी बोलत नाहीत. त्यानं फक्त किल्ली फिरवून दाखवली, आणि इंजिन असं गुरगुरलं की माझ्या बरगड्या गाऊ लागल्या. शेवटी त्यानं समोर लावायचं लोखंडी गार्ड आणि मागं ट्रेलर ओढायचा दांडाही आपल्या खुशीनं बसवून दिला. मला ओढायला ट्रेलर नव्हता. पण नाही कसं म्हणायचं?

घरी पोचलो तेव्हा पद्मजा नुकतीच आली होती. आधी तिनं खिडकीतून बघितलं. मग दारात आली. मग अंगणात.

"हे काय आहे?"

"ट्रक."

"ते दिसतंय मला. व्हॅन कुठाय?"

"ह्याच्या मागं व्हॅन मावेल," मी म्हणालो. वाक्य तोंडातून बाहेर पडताक्षणीच मला ते परत घ्यावंसं वाटलं.

आमची नऊ वर्षांची आरोही मात्र उड्या मारत आली. "ओ माय गॉड, बाबा! इट्स लाइक अ हाउस!"

"घरात ठेवायला जागा असती तर बरं झालं असतं," पद्मजा म्हणाली. "मी ह्याच्यात चढणार नाही. हत्तीवर बसल्यासारखं सगळ्या गल्लीदेखत? मी नाही. सोमवारी जाऊन कॅन्सल कर."

ती आत गेली. मी ट्रक गॅरेजमध्ये घ्यायला निघालो. विषय गॅरेजमध्ये बंद झाला की थंड होतो, असा माझा अनुभव आहे.

समोरच्या घरात वॉल्टर राहतो. नेब्रास्कात चाळीस वर्षं शेती करून निवृत्त झालेला म्हातारा. उन्हाळ्यात तो आपल्या उघड्या गॅरेजमध्ये घडीच्या खुर्चीवर बसून बर्फाचा चहा पीत गल्लीवर नजर ठेवतो. त्याच्याकडं १९७९ सालचा स्वतःचा पिकअप आहे, जो आता माझ्या ट्रकच्या पाठीवर झोपू शकला असता. मी ट्रक हळूहळू आत घातला. पुढचं गार्ड समोरच्या भिंतीला टेकलं. उतरून मागं बघितलं, तर ट्रकचा मागचा भाग गॅरेजच्या दाराबाहेर पाहुण्यासारखा अवघडून उभा.

वॉल्टर चहाचा ग्लास घेऊन आला. सोबत मोजपट्टी आणली होती. पट्टीचं एक टोक त्यानं माझ्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन तो मागं चालत गेला. बराच वेळ चालत गेला.

"बावीस फूट," तो तिकडून ओरडला.

गॅरेज मोजलं. वीस फूट नऊ इंच. म्हणजे पावणेएकवीस.

"सव्वा फूट कमी," वॉल्टर म्हणाला. मग त्यानं सभ्यपणे विचारलं, "तुम्ही कामावर नक्की काय मोजता, म्हणालात?"

मी ट्रक बाहेर काढून गॅरेजसमोरच्या फरशीवर लावला. ती फरशी वीस फुटांची. त्यामुळं ट्रकची शेपटी दोन फूट फुटपाथवर आली. चौथ्या दिवशी असोसिएशनचं पत्र आलं. ज्यांना अमेरिकेतली असोसिएशन माहीत नाही त्यांना सांगतो : ही आपल्याकडच्या हाउसिंग सोसायटीची अमेरिकेत शिकून आलेली थोरली बहीण. हिला तुमच्या गवताची उंची, पडद्याचा रंग आणि कचऱ्याचा डबा किती वाजता आत गेला, हे सगळं ठाऊक असतं. पत्राखाली अध्यक्षा मिसेस प्रुइट यांची सही होती आणि सोबत तीन रंगीत फोटो. तिन्ही फोटोंत ट्रकची शेपटी. एका फोटोत मी ट्रक पुसताना दिसत होतो, बनियनवर. मला त्या बनियनचंच जास्त लागलं. नियम असा, की गाडी फुटपाथवर येता कामा नये आणि रस्त्यावरही कायमची लावायची नाही. गॅरेजमध्ये तरी घ्या, नाहीतर वसाहतीबाहेर न्या. खुलासा करायचा असल्यास सभेला हजर राहा.

"बघ," पद्मजा म्हणाली. "आता तरी परत कर."

आणि खरं सांगतो, मी परत करणार होतो. रविवारी सकाळी मी फक्त साताऱ्याला अण्णांना फोन लावला.

अण्णा म्हणजे माझे वडील, एकनाथराव. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं काढून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. दोन वर्षांपूर्वी आई गेली, आणि तेव्हापासून अण्णांचे फोन चाळीस सेकंदांचे झाले होते. "बरा आहेस? मी बरा आहे. पद्मा, आरोही बऱ्या आहेत? ठेवतो." अमेरिकेला या म्हटलं की म्हणायचे, "येऊन काय करू? तुम्ही कामावर जाणार. मी टीव्ही बघायला इतक्या लांब येऊ?" दोन वर्षांत ह्यापलीकडं शब्द नाही.

त्या दिवशी मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "अण्णा, मी ट्रक घेतला."

"ट्रक म्हणजे? मालाचा?"

"नाही, इथं घरी वापरतात तसला. पण मोठा आहे. डिझेल."

"किती सिलिंडर?"

"आठ."

"मागं कमानीचे पाटे आहेत का गोल स्प्रिंग?"

मी पळत जाऊन, जमिनीवर आडवा होऊन बघितलं. "पाटे आहेत, अण्णा."

"किती?"

मी मोजले. मग त्यांनी ॲक्सल विचारला, टर्बो विचारला, ब्रेक हवेचे की तेलाचे ते विचारलं. फोन चाललाय हे पाहून पद्मजा स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि घड्याळाकडं बोट करून उभी राहिली. तेवीस मिनिटं! शेवटी अण्णा म्हणाले, "गुरू, तिकीट काढ. जुलैत येतो. बघायलाच पाहिजे हे."

मी फोन ठेवला. पद्मजा पुन्हा घड्याळाकडं बघत म्हणाली, "अण्णा येऊन जाईपर्यंत ठेवू या." मग स्वतःलाच बजावल्यासारखी म्हणाली, "गॅरेजमध्ये बसला तर."

म्हणजे आता सव्वा फूट मिळवणं भाग होतं.

आमच्या गावातल्या मराठी मंडळींत अशी बातमी लपत नाही. पहिला फोन शशिकांतकाकांचा. काका इथले सर्वांत जुने मराठी डॉक्टर, आता निवृत्त, आणि निवृत्तीनंतर त्यांनी सल्ल्यांची प्रॅक्टिस सुरू केली आहे. "अरे गुरुदत्त, मी एकाहत्तर साली आलो तेव्हा पिकअप म्हणजे केवढा होता! चार माणसांनी उचलून बाजूला ठेवावा एवढा. आता हे बाळसं नाही, ही सूज आहे. पण घेतलायस ना? मग घाबरू नकोस. भिंत पुढं सरकव. अमेरिकेतल्या भिंती आपल्यासारख्या विटांच्या नसतात, पुठ्ठ्याच्या असतात. एका दुपारचं काम." आणि जाता जाता, "बरं, ट्रक आहेच तर शनिवारी आमचा सोफा हलवायचाय." त्या तीन आठवड्यांत मी दोन सोफे, एक पियानो आणि काकांच्या भाचीचं अख्खं घर हलवलं. व्हॅन घेतली असती तर ह्यातल्या एकानंही मला फोन केला नसता.

भिंतीला हात लावण्याआधी मी गणित केलं. गॅरेज जवळजवळ चौरस. ट्रक तिरका, कर्णावर ठेवला तर? मी पुठ्ठ्याचा छोटा ट्रक कापला, कागदावर गॅरेज काढलं, आणि आनंदानं ओरडलो. बसत होता! दोन इंच राखून! पद्मजानं तो पुठ्ठ्याचा ट्रक उचलला, कागदावरच्या दारातून आत ढकलायचा प्रयत्न केला, दोनदा वळवला, आणि परत माझ्या हातात दिला. तिरका बसायला बसत होता, पण तिथवर पोचायला त्याला छत काढून वरून सोडावं लागलं असतं.

मग भिंत. तिच्या पलीकडं आमची कपडे धुण्याची खोली. माझी योजना साधी होती : सगळी भिंत हलवायची नाही, ट्रकच्या नाकाएवढा कोनाडा करायचा. म्हणजे ट्रकचं नाक घरात येईल आणि बाकीचा ट्रक गॅरेजमध्ये राहील. मी शहराच्या बांधकाम परवान्याच्या खिडकीवर गेलो. तिथली बाई अतिशय नम्र होती, आणि तिच्याकडं अतिशय लांबलचक फॉर्म होता.

"नव्या जागेचा उपयोग काय?" तिनं विचारलं. "बेडरूम, बाथरूम, स्टोअर?"

"नाक," मी म्हणालो.

"सर?"

"ट्रकचं नाक. ते घरात येणार आहे."

तिनं पेन खाली ठेवलं. मग शांतपणे सांगितलं की गॅरेज आणि घर ह्यांच्यामधली भिंत आगीला तोंड देणारी असावी लागते, तिला भोक पाडायचं तर इंजिनिअरचा नकाशा लागेल. मी म्हणालो, मीच इंजिनिअर आहे. ती म्हणाली, इमारतींचे? मी फॉर्मची घडी केली.

तरीही नकाशासाठी आत काय आहे ते बघायला हवं, म्हणून घरी येऊन मी भिंतीला एक लहानसं भोक पाडलं. फक्त पाहणीसाठी. भिंत खरंच पुठ्ठ्याची होती, काकांचं बरोबर होतं. वॉशिंग मशीनचा पाइप तिच्या आतून जातो, हे मात्र काका सांगायचे राहिले. करवत फिरवल्यावर आधी एक शिट्टी वाजली आणि मग माझ्या छातीवर कारंजं आलं. पद्मजानं मुख्य नळ बंद केला, आरोहीनं सगळे टॉवेल आणले, आणि समोरून वॉल्टर पाना घेऊन धावत आला. त्यानं पाइप जोडला, भोकातून पलीकडं डोकावून पद्मजाला "गुड आफ्टरनून, मॅम" म्हटलं, आणि मला सांगितलं की आता तू भिंतीजवळ जाऊ नकोस. पद्मजानं हे मराठीत पुन्हा सांगितलं.

असोसिएशनच्या सभेत मी टाय लावून गेलो. तो फोटोतला बनियन त्यांच्या मनातून पुसायचा होता. मिसेस प्रुइट बारीक, चष्मेवाल्या, आवाज मऊ. त्यांनी नियम वाचला. मी उभा राहून इंग्रजीत सुरुवात तर फार चांगली केली. नागरिकाची कर्तव्यं वगैरे झाली. मग विषय अण्णांकडं वळला आणि माझं पाठ केलेलं भाषण संपलं. "माझे वडील येताहेत," मी म्हणालो. "दोन वर्षांत ते कुणाशी धड बोललेले नाहीत. ह्या ट्रकबद्दल बोलतात. त्यांना तो बघायचाय. एवढंच."

मिसेस प्रुइट यांनी चष्मा काढून पुसला. "नियम बदलता येणार नाही," त्या म्हणाल्या. "जुलैच्या शेवटच्या शनिवारी सकाळी नऊ वाजता मी येईन. ट्रक आत आणि दार बंद झालेलं मला दिसलं पाहिजे. नाहीतर त्याच दिवशी तो वसाहतीबाहेर."

अण्णा त्या आधीच्या मंगळवारी उतरले. आम्ही तिघं घ्यायला गेलो. पद्मजा आपल्या गाडीतून मागून आली होती, कारण ट्रकमध्ये ती अजून चढलेली नव्हती. विमानतळाबाहेर अण्णा आले : पांढरा शर्ट, हातात बॅग, अंगानं आणखी वाळलेले. मी वाकलो. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, पण नजर माझ्यावरून पुढं गेली होती.

"हा?"

"हा."

त्यांनी बॅग माझ्या हातात दिली आणि ट्रकभोवती एक चक्कर मारली. देवळाला मारतात तशी, उजवीकडून, सावकाश. टायरला हात लावला. मग खिशातून रुमाल काढला, फरशीवर अंथरला, आणि माणसांच्या गर्दीत, भर ट्रॅफिकमध्ये पाठीवर झोपून ट्रकखाली गेले. बाहेर फक्त चपला दिसत होत्या.

सायकलवरचा पोलीस धावत आला. "इज ही ओके? सर? सर!"

खालून आवाज आला, "लीफ स्प्रिंग फर्स्टक्लास!"

पोलीस गुडघ्यावर बसला, वाकून खाली बघायला लागला. मी भराभरा सांगितलं की हे माझे वडील, चौतीस वर्षं बसगाड्या दुरुस्त करत होते. पोलिसानं खाली डोकं घालून विचारलं, "त्या डिफरन्शियलबद्दल काय वाटतं?" आणि अण्णा आपल्या वर्कशॉपी इंग्रजीत त्याला सांगू लागले. दोन मिनिटं झाली. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या तेव्हा दोघंही उठले, एकमेकांशी हात मिळवले. अण्णांचा शर्ट पाठीमागं काळा झाला होता आणि चेहरा उजळला होता. दोन वर्षांत मी तो चेहरा बघितला नव्हता.

"पद्मा, तू पुढं बस," अण्णा म्हणाले.

"अण्णा, मी माझी गाडी आणलीय."

"असू दे की. गुरू आणेल ती. तू चालव हा. लॅबमध्ये एवढी मशिनं चालवतेस, हे काय जड आहे तुला?"

सासऱ्यांचा शब्द पद्मजानं कधी मोडला नव्हता. तिनं पदर खोचला, मूठ धरली आणि एका दमात वर चढली. मग मी, ट्रकचा मालक, माझ्या स्वतःच्या ट्रकमागून छोट्या गाडीतून एकटा घरी आलो. हायवेवर त्यांनी मला दोनदा मागं टाकलं.

घरी अण्णांनी चहासुद्धा घेतला नाही. गॅरेज बघितलं, भिंतीतलं भोक बघितलं. "हे कुणी केलं?" मी विषय बदलला. त्यांनी वॉल्टरची मोजपट्टी मागवली. दोघांना एकमेकांची भाषा अर्धीच कळत होती, पण ते मोजत गेले आणि बोलत गेले. मग अण्णा माझ्याकडं वळले.

"कंपनीच्या पुस्तकात लांबी किती दिलीय?"

"पुस्तक वाचलं नाही, अण्णा. मी प्रत्यक्ष मोजलं."

त्यांनी पुस्तक काढायला लावलं. वीस फूट आठ इंच.

"मग बावीस कुठून आणलेस?" ते म्हणाले, आणि पुढच्या गार्डवर टिचकी मारली. "हे सात इंच." मागं जाऊन ट्रेलरच्या दांड्यावर टिचकी मारली. "हे नऊ. हे काय कंपनीनं जन्माला घातलेलं नाही, लेका. वरून बांधलंय. सोळा बोल्ट आहेत. काढ."

मी, अदृश्य रेघा मोजणारा माणूस, तीन आठवडे पुठ्ठे कापत होतो, भिंत कापत होतो, पाण्यात भिजत होतो. आणि उत्तर सोळा बोल्ट. वॉल्टरनं माझ्याकडं बघायचं टाळलं, ही त्याची माणुसकी.

ट्रक वीस फूट आठ. गॅरेज वीस फूट नऊ. एक इंच!

शनिवारी सकाळी नऊला अर्धी गल्ली फुटपाथवर जमली. शशिकांतकाका सपत्नीक आले, थर्मासमधून चहा घेऊन. मिसेस प्रुइट पुठ्ठ्याला कागद लावून दारापाशी उभ्या. मी स्टिअरिंगवर. आणि आत, बाजूच्या भिंतीला पाठ लावून, ट्रकच्या नाकाशेजारी अण्णा.

"येऊ दे... येऊ दे... डावी मार थोडी... सरळ... येऊ दे..."

तो आवाज घराचा नव्हता, वर्कशॉपचा होता. पत्र्याच्या शेडमध्ये पन्नास माणसांना ऐकू जावा असा. अण्णांचा असा आवाज असतो हे मला ह्या वयात प्रथम कळलं.

"येऊ दे... बोटभर... अजून अर्धं बोट... बास!" आणि त्यांनी बॉनेटवर दोनदा थाप मारली.

पद्मजानं बटण दाबलं. दार कुरकुरत खाली यायला लागलं. सगळी गल्ली वाकून बघत होती. दार बंपरपाशी आलं आणि थबकून पुन्हा वर गेलं. कुणीतरी "ओह नो" म्हणालं.

"अर्धं बोट पुढं!" अण्णा ओरडले. मी ब्रेकवरचा पाय श्वासाएवढा सैल केला. बॉनेटवर थाप. पुन्हा बटण. दार आलं, बंपरच्या पाठीवरून कागद सरकावा तसं घासून खाली गेलं, आणि जमिनीला टेकलं.

बाहेर टाळ्या वाजल्या. आरोहीची किंचाळी सगळ्यांत वर. आम्ही दोघं बापलेक आत अंधारात होतो आणि अण्णा हसत होते, खदाखदा, भिंतीला टेकून.

मिसेस प्रुइट यांनी कागदावर सही केली. मग मऊ आवाजात विचारलं, रोज असंच करणार का? पद्मजा म्हणाली, "रोज. माझ्या सासऱ्यांनी शिकवलंय." काकांनी त्यांना चहा दिला.

रविवारी सकाळी वॉल्टर आम्हाला गावाच्या दक्षिणेला घेऊन गेला. तिथं त्याच्या मेव्हण्याचं कापसाचं शेत होतं. बिल्डरला विकलेलं, पण घरं व्हायला अजून अवकाश होता. सगळं सपाट, मोकळं, क्षितिजापर्यंत. मी ट्रक थांबवला. अण्णा पुढच्या सीटवर बसून हात मांडीवर ठेवून समोर बघत होते.

"अण्णा, चालवता?"

"मी?" ते म्हणाले. "गुरू, मी चौतीस वर्षांत कधी गाडी फाटकाबाहेर नेली नाही. दुरुस्तीच्या पिटातून डिझेलच्या पंपापर्यंत, पंपापासून शेडपर्यंत. पुढं ड्रायव्हर यायचा. आम्ही दुरुस्त केलेली गाडी बाहेर जाताना मी नेहमी मागून बघायचो. तुझी आई म्हणायची, एकदा मला बसवून महाबळेश्वरला न्या. मी म्हणायचो, नियम नाही."

मी उतरलो, पद्मजा आणि वॉल्टरही उतरले. ते सरकून स्टिअरिंगवर आले. सीट पुढं घेतली, आरसे लावले, आणि डावा पाय क्लच शोधत राहिला. "नाहीये, अण्णा. ऑटोमॅटिक."

"मग डाव्या पायानं करायचं काय?"

"काही नाही."

"बरं," ते म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतलं. आरोही मागच्या सीटवर चढून बसली होती.

पहिली शंभर यार्डं ट्रक माणसाच्या चालीनं गेला. मग जरा वेगानं. मग इंजिनाचा आवाज बदलला, मागं धुळीचा एक लांबलचक पिवळा पडदा उठला, आणि ट्रक शेताच्या त्या टोकाला गेला, मोठा वळसा घेतला, इकडं आला, आमच्या समोरून सुसाट गेला. खिडकीतून आरोही ओरडली, "फास्टर, आजोबा, फास्टर!" पद्मजा टाळ्या वाजवत होती. वॉल्टरनं टोपी काढून हवेत फिरवली. मीही ओरडत होतो. काय ते आठवत नाही.

पाचव्या फेरीनंतर ट्रक आमच्यापाशी येऊन थांबला. काच खाली आली. अण्णांचे केस धुळीनं पिवळे झाले होते, कपाळावर घाम, आणि डोळे विशीतल्या पोरासारखे. त्यांनी स्टिअरिंगवर हात आपटला.

"गुरू," ते म्हणाले, "ह्याच्याहून मोठा येतो का रे?"

पद्मजानं माझ्याकडं बघितलं. मला ते कळलं, म्हणून मी तिच्याकडं बघितलं नाही.

"येतो, अण्णा," मी म्हणालो.